पहिलं पाणी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. सुनेने सहा वर्षं जपून ठेवलेला पुरावा मी एका दिवसात धुऊन काढला. नुसता धुतला नाही, त्याला नीळ दिली, खळ दिली, कडक इस्त्री केली आणि चौपदरी घड्या घालून ट्रंकेत रचून ठेवला. पन्नास वर्षांत इतकी देखणी धुलाई माझ्या हातून झाली नव्हती, हेही सांगते. खोटं कशाला बोलू?

आमची लाँड्री बंदराच्या मागच्या गल्लीत आहे. खाली भट्टी, हौद आणि इस्त्रीची खोली, वर आमचं बिऱ्हाड, आणि त्याच्यावर बावीस दोऱ्यांची गच्ची. गच्चीवर उभं राहिलं की आधी शाळेचे पत्रे दिसतात, मग एक मोकळं मैदान, मग बंदराची भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारा कोळशाचा ढीग. ढिगाला छप्पर नाही, झाकण नाही, काही नाही. जहाज लागलं की क्रेनचा पंजा उघडतो, कोळसा कोसळतो आणि भुकटी वर उठते. समुद्राकडून खारा वारा सुटला असेल तर ती भुकटी सरळ आमच्या गल्लीत येते. जमिनीकडून मतलई वारा असेल तर त्या दिवशी गल्लीला सुट्टी.

या भुकटीपायी आमच्या लाँड्रीत दोन नियम आहेत, जे दुसरीकडे कुठे नसतील. पहिला म्हणजे, कपडे वाळत घालायच्या आधी प्रत्येक दोरी पांढऱ्या फडक्याने पुसायची. नाही पुसली तर चादरीच्या मधोमध काळी रेघ उमटते आणि गिऱ्हाईक आपल्याला धुतं. दुसरा नियम, पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही. कपडा पहिल्यांदा खळबळला की जे काळं पाणी निघतं ते पहिलं पाणी. एकदा त्याने आमची मोरी अशी तुंबली होती की प्लंबरने पाटीभर गाळ उपसला आणि मला विचारलं, "मावशी, खाण काढलीय का आत?" तेव्हापासून पहिलं पाणी मागच्या छोट्या हौदात निवळत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी काढायचं आणि तळाचा गाळ खरवडून टाकायचा. हा नियम मी केलेला आहे. घरात तो मोडण्याची कोणाची छाती नाही.

आमचे हे त्याच बंदरात क्रेनवर होते. तीस वर्षं. बंदराला मी उठल्यासुटल्या शिव्या घालणार नाही. त्याच कोळशावर आमची चूल पेटली आणि मुलगा चार बुकं शिकला. पण हे जाण्याआधीच्या दोन वर्षांत यांची छाती भात्यासारखी वाजायची. यांना सुपारीच्या खांडाचं व्यसन नव्हतं. तरी कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, 'तंबाखूमुळे.' मी म्हटलं, अहो, यांनी कधी शिवली पण नाही. तर तो म्हणाला, "आजी, कागदावर आता लिहिलं गेलंय." आणि मी गप्प बसले. जिने उभ्या गल्लीला गप्प केलं, ती एका कागदापुढे गप्प बसली. त्याचा मला अजून राग येतो, आणि त्या डॉक्टरपेक्षा माझाच जास्त येतो.

आता आमच्या भिंगरीचं सांगते. ही माझी नात, सात वर्षांची. चालायला लागली तेव्हा ती चाललीच नाही, एकदम धावायलाच लागली, म्हणून भिंगरी. ती आता जिना चढताना दोनदा थांबते. दप्तरात वह्यांबरोबर श्वासाचा पंप असतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. त्यांनी सुनेला सांगितलं, "एकतर ही धूळ इथून हलली पाहिजे, नाहीतर ही पोर. मधला मार्ग माझ्याकडे नाही."

आणि त्याच महिन्यात नोटीस लागली. कंपनीला शाळेजवळचं ते मैदान हवं होतं, दुसऱ्या ढिगासाठी. म्हणजे कोळसा शाळेच्या खिडकीशी. कुणाची हरकत असेल तर जनसुनावणीत मांडा, असं खाली बारीक अक्षरात होतं. घरात ठरलं की मैदान गेलं तर भिंगरीला तिच्या मावशीकडे पाठवायचं, एक आख्खा दिवस प्रवास करून जावं लागतं तिथे. पोरीने मला एवढंच विचारलं, "आजी, मावशीकडे गच्ची आहे का गं?" मला माहीत होतं, नाही. मी म्हटलं, "जा, चिमटे मोजून आण."

सुनेकडे मात्र हत्यार तयार होतं. भिंगरी एक वर्षाची असताना पहिल्यांदा रात्रभर खोकली, तेव्हापासून दर सोमवारी दोरी पुसलेलं फडकं ती धुवायला टाकत नव्हती. त्याच्या कोपऱ्यात लाँड्रीची खूण, गोलात टिंब, खुणेच्या शाईने तारीख, आणि आदल्या दिवशी वारा कुठला होता ते, खारा असेल तर 'ख', मतलई असेल तर 'म'. मग फडकं ट्रंकेत. यावरून आमचं पुष्कळ वाजलं होतं. मी म्हणायचे, लोक ट्रंकेत दागिने ठेवतात, आमची सून घाण ठेवते. ती म्हणायची, "आई, एक दिवस उपयोगी पडेल." मग मी विचारणं सोडलं आणि तिने सांगणं सोडलं. सासू-सुनांत अबोला असतो तसाच हा. बाकी सगळं बोलायचो, ट्रंकेचं सोडून. त्या अबोल्यानेच घात केला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी लाँड्री बंद होती, आठवड्याची सुट्टी. सून निघाली, दवाखान्यातून कागद घ्यायला आणि दारोदार सह्या गोळा करायला. मुलगा तिला स्कूटरवरून घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "आई, ट्रंकेतली फडकी तेवढी तारखेप्रमाणे लावून ठेवाल? उद्या सगळ्यांसमोर मांडायचीत."

सगळ्यांसमोर! मी ट्रंक उघडली. एकेक फडकं काढावं तर काळंकुट्ट. काही करडी, थोडीच पांढरी. आणि प्रत्येकावर आमची खूण. या खुणेखाली माझ्या सासूच्या काळापासून एक मळका रुमाल दाराबाहेर गेलेला नाही. आणि उद्या भरसभेत, अर्ध्या गावासमोर, कंपनीच्या साहेबांसमोर, ज्यांच्यातल्या निम्म्यांचे कपडे आमच्याकडे येतात, ही लक्तरं टेबलावर? मला वाटलं, सुनेला घाईत सुचलं नसेल. हो, मला खरंच तसं वाटलं. शाई तर जाणार नाही, खुणेची शाई भट्टीतही जात नाही. तारीख राहील, वारा राहील. जाईल तो मळ. आणि मळ कोणाला बघायचा असतो? यांच्या वेळी मला कागदावरच्या लिहिलेल्याने हरवलं होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की चालतं ते लिहिलेलं. एवढी तीनशे आठ फडक्यांवरची लिहिलेली साक्ष स्वच्छ, लख्ख दिसली पाहिजे.

मी पदर खोचला. छोटा हौद आधी घासून कोरडा केला, पहिलं पाणी त्यात ओतलं. मग भट्टी, मग नीळ, मग खळ. बाहेर खारा वारा होता म्हणून गच्चीवर न घालता इस्त्रीच्या खोलीत वाळवली आणि एकेक दाबून काढली. भिंगरीने तारखा वाचून दाखवल्या, मी रचली. उन्हं कलायच्या आत काम तमाम. मी स्वतःवर इतकी खूश होते की दोनदा चहा घेतला.

सून आली. ट्रंकेचं झाकण उघडून तशीच उभी राहिली.

"आई, हे काय केलंत?"

"धुतली. बघ, एक तरी डाग सापडतो का."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. तिने सरळ माळ्यावरून भिंगरीची बॅग खाली काढली, तिच्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि ते फडकं हातात घेऊन पायरीवर बसली. ते काळं झालेलं फडकं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरावा म्हणजे तो मळच होता. ख लिहिलेली काळी, म लिहिलेली पांढरी. वारा कुठून येतो आणि काय घेऊन येतो, हे एका नजरेत दिसत होतं, आणि ते मी नितळ करून टाकलं होतं.

"माझं चुकलं गं," मी म्हटलं. हे वाक्य मी गिऱ्हाइकाशिवाय कोणाला आयुष्यात म्हटलेलं नव्हतं. मुलगा मधे काहीतरी बोलायला गेला, तर सूनच म्हणाली, "राहू द्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."

सकाळी मी नेहमीसारखी मागच्या हौदाशी गेले. तोंड दाखवायला जागा नसली तरी हौद कोणी दुसरं साफ करत नाही. वरचं पाणी काढलं, फावडं उचललं, तोच मागून सून ओरडली.

"थांबा! आई, हात लावू नका! कालचं पहिलं पाणी सोडलं नव्हतंत?"

"मी? पहिलं पाणी मोरीत? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ती हौदावर वाकली. तळाशी काळा, चकचकीत गाळ बसला होता, नखाएवढा जाड. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने मला, ओल्या पदराच्या, काळ्या हातांच्या बाईला, घट्ट मिठी मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, सोड, साडी खराब होईल.

सभागृह भरलं होतं. समोर तीन अधिकारी, मधोमध अध्यक्षबाई. डाव्या हाताला कंपनीचा इंजिनिअर, पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्याने पडद्यावर आकडे दाखवले. कंपनीचं हवा मोजायचं मशीन सांगतं की हवा मर्यादेत आहे. मशीन कुठे बसवलंय, तर ढिगाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. म्हणजे वारा ढिगाकडे जायच्या आधी ते मोजतात. गल्लीतला खोकला कशाचा, तर म्हणे घरोघरच्या चुलींचा धूर आणि रस्त्याची धूळ. किती गोड बोलत होता! पोराच्या आईला अभिमान वाटावा.

मग सुनेने ट्रंक टेबलावर ठेवली आणि उघडली. पांढऱ्याशुभ्र घड्या. इंजिनिअर पुढे वाकला.

"बाई, ही तर आमच्या आकड्यांपेक्षा स्वच्छ आहेत!"

सभा खदाखदा हसली. सून शांत उभी होती. "हो. काल माझ्या सासूबाईंनी धुतली." सभा आणखी हसली. मागून कोणीतरी म्हणालं, घ्या, सासूने सुनेची वाट लावली. मला त्याचा आवाज ओळखू आला, त्याच्या पँटी यापुढे उद्याच्या उद्या मिळणार नाहीत.

मी उठले. खळीची काचेची बरणी पिशवीतून काढून अध्यक्षबाईंच्या पुढ्यात ठेवली. हौदातल्या गाळाने काठोकाठ काळी.

"बाई, मी धुणं धुणारी आहे. माझं पन्नास वर्षांचं आयुष्य पाण्यात गेलंय. या तीनशे आठ फडक्यांतून जे निघालं ते सगळं या बरणीत आहे. हौद मी आधी कोरडा घासला होता, आणि काल सुट्टी होती, गिऱ्हाइकाचा एक धागा भिजवलेला नाही."

"पण आजी," इंजिनिअर म्हणाला, "हे चुलीचं काजळ नाही कशावरून?"

हा प्रश्न त्याने मला विचारायला नको होता. लोकांना वाटतं मळ म्हणजे मळ. अरे बाबा, मळाला जात असते, आणि ती ओळखण्यात माझा जन्म गेलाय!

"चुलीचं काजळ तेलकट असतं," मी म्हटलं. "सोडा आणि कढत पाण्याशिवाय सुटत नाही, आणि सुटलं की पाण्यावर तरंगतं. रस्त्याची धूळ गार पाण्यात सुटते, पाणी गढूळ करते आणि दिवसभर गढूळच ठेवते. हे तिसरंच आहे. गार पाण्यात सुटतं, आणि रात्रीत तळाशी बसतं, वाळूसारखं. बोटाने चोळून बघा, कचकचेल." अध्यक्षबाईंनी खरंच बोट घातलं आणि चोळलं. "आणि साहेब, तुमचं घर तर वसाहतीत आहे, तिथे गॅसवर स्वयंपाक होतो. मग तुमच्या कॉलरीतून दर आठवड्याला हेच कसं निघतं?"

तो गोंधळला. "माझ्या?"

"कॉलर उलटी करा. आत गोलात टिंब आहे. ती इस्त्री माझी आहे, लांबून ओळखते मी."

त्याचा हात आपसूक कॉलरीकडे गेला. आता सभा हसली ती वेगळी हसली. पण मला हसायला सुचत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे हे आले, खाटेवर बसून दोन्ही हातांनी कड धरलेले, आणि त्या डॉक्टरच्या कागदापुढे जे बोलायचं राहिलं होतं ते बाहेर आलं.

"चूक माझी. फडकी मी धुतली, कारण मला येतं. काहीही आणा, मी पांढरं करून दाखवीन. पण माझा नवरा तुमच्या क्रेनवर तीस वर्षं हेच श्वासातून आत घेत होता. माझी नात सात वर्षांची आहे, ती आत्ता मागच्या बाकावर बसलीय. हे तिच्या छातीत आहे. ते कसं धुवायचं ते मला कोणीतरी शिकवा. मी शिकायला तयार आहे."

मागून भिंगरीच्या पंपाचा फुस्स असा आवाज आला. पोरीने ते मुद्दाम केलं नव्हतं, तिला खरंच लागला होता.

अध्यक्षबाईंनी बरणी सील करायला सांगितली. प्रयोगशाळेत पाठवायची होती, म्हणून कारकुनाने कागद पुढे ओढला. सुनेने गोळा केलेल्या सह्या जोडल्या, डॉक्टरीणबाईंचा कागद जोडला. मग त्याने सुनेला विचारलं, "नमुना कोणी गोळा केला? नाव लिहायचंय."

सहा वर्षं दर सोमवारी गच्चीवर उभी राहिली ती. खूण तिची, तारीख तिची, मेहनत तिची. मी काय केलं, तर सगळं धुऊन टाकलं. सुनेने माझ्याकडे बोट केलं आणि अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी. यांच्याइतकं स्वच्छ या बंदरात कोणी धूत नाही. एक कणही आत राहिलेला नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे."

कारकुनाने लिहिलं. कागदावर. मी ते अक्षर न् अक्षर वाचलं आणि मग खाली सही केली. सही फर्स्ट क्लास आली.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं, कोळसा. फार मोठं काही झालं असं नाही. ढीग अजून तिथेच आहे आणि झाकण घालायला कंपनीने मुदत मागून घेतली आहे. पण मैदान वर्षभर तरी वाचलं, आणि हवा मोजायचं नवं सरकारी मशीन आमच्या गच्चीवर बसलं, बाविसाव्या दोरीच्या बाजूला. बसवायला आलेल्या माणसाने बजावलं, आतल्या पांढऱ्या कागदाला कोणी हात लावायचा नाही. सून म्हणाली, "दादा, हे तुम्ही आमच्या आईंना नीट समजावून सांगा, नाहीतर खळ घालून ठेवतील." भिंगरी हसून हसून खोकली. बॅग परत माळ्यावर गेली आहे.

पुढच्या सोमवारी सून दोरी पुसून आली आणि काळं फडकं माझ्यापुढे धरलं. "आई, आजचं तुम्ही ठेवा." खूण मी केली, तारीख मी घातली, 'ख' माझ्या हाताने काढला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मी एका मळक्या कापडाची घडी घातली. हात नुसते शिवशिवत होते. घडी चौपदरी घातली, कडेला कड जुळवून, आणि ट्रंकेत ठेवली.